कापूस, तंबाखू आणि खेचरे: अमेरिकेच्या दक्षिणेतील शेतकरी घराच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लहानपणी हाताने कापूस वेचलेली आणि खेचरामागे नांगर धरलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर १९४४ मध्ये पेरणीपासून गाठी बांधण्यापर्यंतचे संपूर्ण पीक यंत्रांच्या बळावर काढण्यात आले, आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत हातवेचणी जवळजवळ संपली. ते काम स्वतःच्या हातांनी केलेली माणसे आज जेवढी आहेत तेवढीच आहेत. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, टेक्सास या राज्यांत स्थायिक झालेल्या काही मराठी कुटुंबांचे तेथील जुन्या शेतकरी घराण्यांशी सोयरसंबंध जुळले आहेत, आणि त्यांच्या नातवंडांचे एक आजोळ त्या मातीत आहे. अशा घरांतील सुना, जावई आणि नातवंडे यांना डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. शेजारच्या वृद्धांच्या आठवणी नोंदवू इच्छिणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल.

माझा पहिला आग्रह असा की, ‘तुमच्या लहानपणाबद्दल काही सांगा’ असा प्रश्न कधीही विचारू नये. त्याला उत्तर म्हणून ‘गरिबी होती, पण आम्ही सुखात होतो’ असे एक गुळगुळीत वाक्य येते आणि बोलणे तेथेच थांबते. त्याऐवजी कामाबद्दल विचारावे, आणि ते काम कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या हिशेबात चालत होते, हेही विचारावे. माणसाला वर्षे नीट आठवत नाहीत, परंतु कामाचा क्रम, अवजाराचे वजन आणि मालकाशी झालेला हिशेब सत्तर वर्षांनंतरही अचूक आठवतो. कागदपत्रांचे नेमके उलट असते; तेथे वर्ष आणि एकर सापडतात, श्रम सापडत नाहीत. दोन्ही एकमेकांसमोर ठेवल्यावरच घराची खरी हकीकत उभी राहते.

मुलाखतीला जाण्यापूर्वी कुटुंबाची काउंटी (राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) आणि तेथील मुख्य पीक शोधून काढावे, कारण ‘दक्षिणेतील शेती’ अशी एकच एक गोष्ट कधीच नव्हती. मिसिसिपी डेल्टा आणि अलाबामाचा काळ्या मातीचा पट्टा कापसाचा. नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व भाग आणि मधला पीडमाँट हा पठारी प्रदेश भट्टीत वाळवल्या जाणाऱ्या पिवळ्या तंबाखूचा. केंटकी आणि टेनेसीतील बराच भाग उभे झाड कापून कोठारात हवेवर सुकवल्या जाणाऱ्या बर्ली तंबाखूचा. जॉर्जियाचा नैर्ऋत्य आणि अलाबामाचा आग्नेय भाग पुढे भुईमुगाचा झाला. दक्षिण लुइझियाना उसाचा. ॲपलेशियन डोंगरातील घरांत नगदी पीक थोडे, आणि मका, डुकरे व जंगलातून मिळणाऱ्या गोष्टींवर भर अधिक. ज्या आजोबांनी आयुष्यभर तंबाखूची पाने खुडली, त्यांना कापसाचे प्रश्न विचारले तर आपली तयारी नाही हे त्यांना तत्काळ कळते, आणि मग ते सौजन्यापुरतेच बोलतात.

कापसाच्या घरात प्रश्नांची मांडणी पिकाच्या वर्षाप्रमाणे करावी. एप्रिल-मे महिन्यांत पेरणी होई. त्यानंतर कुदळीने विरळणी आणि खुरपणी, ज्यात लहान मुलेही ओळीत उभी केली जात. जुलैत शेवटची कुळवणी करून पीक आपल्या वाढीवर सोडले जाई, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून थंडीपर्यंत वेचणी चाले. जुलै-ऑगस्टमधील हा मोकळा काळ फार महत्त्वाचा आहे. चर्चमधील पुनरुज्जीवनाच्या सभा, भाऊबंदांचे मेळावे आणि आवारात मांडलेल्या सामुदायिक जेवणावळी याच आठवड्यांत येत, म्हणून ‘कुदळी ठेवल्यावर तुम्ही काय करत होता?’ या एका प्रश्नातून अर्धे सामाजिक आयुष्य बाहेर पडते. शाळेबद्दलही असेच विचारावे. अनेक कापूस-काउंट्यांत शाळा भर उन्हाळ्यात भरवून वेचणीच्या हंगामात बंद ठेवत असत, त्यामुळे ‘कितवीपर्यंत शिकलात?’ यापेक्षा ‘वर्षातले किती महिने शाळेत जाता येई?’ हा प्रश्न अधिक खरे उत्तर देतो.

वेचणीबद्दल बारकाईने विचारावे. पिशवी कशाची होती आणि किती लांब, ती खांद्यावरून कशी ओढली जाई, बोंडाच्या टोकदार कडांनी बोटांची काय अवस्था होई, वजनकाटा कोणाच्या हातात असे आणि आकडे कोण लिहून ठेवी, हे सगळे विचारावे. येथे थोडे गणित सोबत असणे हिताचे ठरते. सुमारे ५०० पौंडांची एक गाठ बांधायला सरकीसह साधारण १,५०० पौंड कापूस लागत असे, आणि दिवसाला २०० पौंड वेचणारा माणूस चांगला वेचक मानला जाई. म्हणजे एका गाठीमागे अशा माणसाचे सात-आठ दिवस उभे असत. हा हिशेब मनात असला की ‘त्या वर्षी आमच्या नऊ गाठी झाल्या’ या वाक्यामागे घरातल्या किती माणसांनी किती आठवडे राबून काढले, हे समजते आणि पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. सांगणाऱ्याचा आकडा फुगलेला वाटला तरी त्याला अडवू नये. तो तसाच लिहून घ्यावा आणि दुसऱ्या भावंडाला स्वतंत्रपणे विचारावा.

तंबाखूच्या घरात कामाचे वर्ष वेगळे. हिवाळ्याच्या अखेरीस कापडाने झाकलेल्या वाफ्यांत रोपे, वसंतात लावणी, मग शेंडे खुडणे, बगलफुटी काढणे आणि पानांवरच्या अळ्या हाताने वेचणे. पिवळ्या तंबाखूची पाने खालून वर पिकत जातात, म्हणून प्रत्येक झाडाकडे आठवड्यागणिक पुन्हा पुन्हा जावे लागे. खुडलेली पाने कोठारापाशी आणून बायका आणि मुले ती दोऱ्याने काठ्यांवर बांधत. नंतर उंच कोठारात त्या काठ्या टांगून आठवडाभर उष्णता देत, आणि रात्रंदिवस कोणीतरी आगीजवळ झोपे. या रात्रींबद्दल अवश्य विचारावे, कारण मोठ्यांच्या गप्पा आणि भुताच्या गोष्टी मुलांनी तेथेच ऐकलेल्या असतात. शेवटी वखारीतील लिलाव. लिलाव पुकारणाऱ्याची लय आजोबांना अजून म्हणून दाखवता येत असेल, तर ती ध्वनिमुद्रित करण्याची संधी सोडू नये.

पीक ही घराची एकच बाजू आहे. दुसरी बाजू पोटाची, आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या आठवणीत आहे. त्यांच्याशी वेगळे, पुरुष जवळ नसताना बोलावे. एरवी त्या नवऱ्याच्या वाक्यांना होकार देत बसतात. पहिल्या कडक थंडीत डुकरे कापण्याचा दिवस, उकळत्या पाण्याची कढई, चरबी वितळवणे, मीठ लावून मांस धुराच्या खोलीत टांगणे, आणि शेजाऱ्यांना कोणता वाटा द्यायचा याचे ठरलेले नियम या गोष्टी क्रमाने विचाराव्यात. गोड ज्वारीच्या ताटांची काकवी काढण्यासाठी खेचर गोल फिरवीत चरक चाले. त्या काकवीचे डबे वर्षभर पुरत की मार्चमध्ये संपत, या उत्तरातून घरची सुबत्ता कळते. पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील कापडी पोत्यांचे कपडे शिवले जात. एकाच नक्षीची दोन पोती मिळवण्यासाठी दुकानात काय करावे लागे, हे विचारले की वृद्ध स्त्रिया खुलून बोलू लागतात. अंडी आणि लोणी विकून आलेला पैसा कोणाचा असे, हा प्रश्न मी कधीही गाळू देणार नाही, कारण अनेक घरांत मुलांची वह्या-पुस्तके त्याच पैशातून आलेली असतात. भाज्या आणि फळे बरण्यांत टिकवण्याचे शिक्षण काउंटीच्या गृहविज्ञान प्रसारिकांनी, म्हणजे गावोगाव शिकवणाऱ्या शिक्षिकांनी, दिले. साउथ कॅरोलायनातील एकेन काउंटीत मरी क्रोमर यांनी १९१० मध्ये मुलींचे टोमॅटो क्लब सुरू केले, आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने ही प्रसारसेवा देशभर रुजवली. पणजीच्या ट्रंकेत अशा क्लबचे प्रमाणपत्र सापडणे अशक्य नाही.

आता जमिनीचा प्रश्न. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत विचारावा, परंतु विचारावाच. अर्धेलीने कसणाऱ्या कुटुंबाला मालक जमीन, झोपडी, खेचर, अवजारे आणि बियाणे देई व अर्धे पीक घेई. ज्याच्याकडे स्वतःचे खेचर व अवजारे असत तो बहुधा कापसाचा चौथा आणि मक्याचा तिसरा हिस्सा देई. पीक हाती येईपर्यंत मालक किंवा व्यापारी उचल देत असे, तीत मीठ, पीठ, कापड सगळे येई, आणि वर्षाअखेरीस पिकातून ती व्याजासह कापून घेतली जाई. त्या दिवशी घरात काय वातावरण असे, वडील हिशेब करून परत येत तेव्हा काय बोलत, वही वाचता येणारे घरात कोणी होते का, आणि आकडा चुकीचा वाटला तर हरकत घेता येई का, हे सावकाश विचारावे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही समाजांतील कुटुंबे या पद्धतीत अडकली होती, पण हरकत घेण्याची किंमत दोघांना सारखी नव्हती. कृष्णवर्णीय कुळाला मालकाच्या हिशेबावर बोट ठेवल्याबद्दल घर सोडून रात्रीतून पळावे लागल्याच्या हकीकती अनेक घरांत आहेत. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख आफ्रिकन-अमेरिकन माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांकडे गेली, त्यामागे अशी कारणेही होती. घराण्याची एक शाखा उत्तरेत असेल, तर ती का गेली हे दोन्हीकडे विचारावे. उत्तरे क्वचितच जुळतात. घराणे मालकांचे असेल, तर कसणाऱ्यांची नावे आठवणीतून मिळवण्याची जबाबदारी अधिकच आहे, कारण त्या कुटुंबांचे वंशजही आज ती नावे शोधत असतात.

विचारणारा कोण आहे यावर उत्तर अवलंबून असते. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेखाली पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या २,३०० हून अधिक मुलाखती लिहून घेण्यात आल्या, आणि त्या आज अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, ग्रंथालयात आहेत. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, सांगणारे वृद्ध आणि कमालीचे गरीब होते, आणि काहींना समोरचा माणूस निवृत्तिवेतन मिळवून देईल असे वाटत होते. साहजिकच अनेकांनी जपून उत्तरे दिली. मराठी माणूस तेथे बाहेरचा असतो, आणि त्याचा एक फायदा आहे: स्थानिक माणसाला जे सांगण्याची गरज वाटत नाही, ते त्याला मुळापासून समजावून सांगावे लागते. तोटा असा की, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून कटू गोष्टी झाकल्या जातात. म्हणून घाई करू नये. वडीलधाऱ्यांना प्रथम ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ लावून आडनावाने हाक मारावी. गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना कायद्याने वेगळे ठेवणाऱ्या विभक्ततेच्या काळात गोरा समाज कृष्णवर्णीयांना हा साधा मान मुद्दाम नाकारीत असे, त्यामुळे त्या घरांत तो विशेष मोलाचा आहे. त्यांनी स्वतः सुचवल्यावर ‘मिस’ आणि पहिले नाव या तेथील आपुलकीच्या पद्धतीकडे वळावे.

ध्वनिमुद्रणाची व्यवस्था साधी असावी. चांगला फोन आणि कॉलरला लावायचा छोटा माइक पुरेसा आहे. पंखा, दूरदर्शन आणि फ्रिजची घरघर टाळावी. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे मोठ्याने बोलून मुद्रणाला संमती घ्यावी, आणि ते शब्द मुद्रणात असू द्यावेत. आठवणी पुढे कोणाला ऐकवता येतील, कोणता भाग बंद ठेवायचा, हे एका पानावर लिहून सही घ्यावी. एका बैठकीत दीड तासाहून अधिक बोलते ठेवू नये. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. थोडे थांबले की खरी गोष्ट पुष्कळदा नंतरच येते. हातात वस्तू द्यावी, मग ती कुदळ असो, बिस्किटाचे पीठ मळण्याचे लाकडी भांडे असो किंवा जुना फोटो. शक्य असेल तर मोटारीने जुन्या शेतावर न्यावे आणि घर, विहीर, कोठार, शेजारी कोठे होते हे कागदावर आखून घ्यावे.

वर्ष ठरवण्यासाठी ‘ते कधी झाले?’ असे न विचारता घटनांच्या खुणा वापराव्यात. बोंडातील सोंडा कीड १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरली आणि हळूहळू पूर्वेकडे सरकत १९१५ च्या सुमारास जॉर्जियात पोहोचली. अलाबामातील एंटरप्राइज गावाने भुईमुगाकडे वळायला लावल्याबद्दल १९१९ मध्ये त्या किडीचेच स्मारक उभारले. १९३३ च्या उन्हाळ्यात भाव सावरण्यासाठी सरकारने उभा कापूस नांगरून टाकायला लावला, सुमारे एक कोटी एकरांवर. हे आज हयात असलेल्यांनी पाहिलेले नसले तरी आई-वडिलांकडून नक्की ऐकलेले असते. सगळ्यांत उपयोगी खूण विजेची. १९३० च्या दशकाच्या मध्यात देशातील दहातील नऊ शेतघरांत वीज नव्हती; १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले आणि नंतर सहकारी संस्थांच्या तारा एकेका रस्त्यावर पोहोचल्या. ‘हे दिवे येण्याआधी की नंतर?’ आणि ‘तेव्हा खेचर होते की ट्रॅक्टर?’ या दोन प्रश्नांनी बहुतेक आठवणी पाच वर्षांच्या आत येऊन बसतात.

त्यानंतर कागदांकडे वळावे. अमेरिकेची दर दहा वर्षांची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली आणि १९६० ची २०३२ मध्ये होईल. १९०० ते १९३० च्या नोंदींत घर स्वतःचे की भाड्याचे आणि शेतावरचे की नाही, हे कळते. कुटुंब एका जनगणनेत मालक आणि पुढच्यात भाडेकरू दिसले, तर मधल्या दहा वर्षांबद्दलचा प्रश्न घेऊन पुन्हा आजींकडे जावे. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ नाहीशी झाली, त्यामुळे तेथे वीस वर्षांची पोकळी राहतेच. १८५० ते १८८० च्या शेतीविषयक स्वतंत्र याद्या मात्र मला सर्वांत मोलाच्या वाटतात. १८८० च्या यादीत शेतकऱ्याच्या नावापुढे जमीन स्वतःची, रोख खंडाची की वाट्याची, कापसाच्या गाठी किती, मका किती बुशेल, काकवी किती गॅलन, लोणी किती पौंड आणि अंडी किती डझन, इतका तपशील मिळतो. आफ्रिकन-अमेरिकन घराण्यांचा माग काढताना १८७० ची जनगणना उंबरठा ठरते, कारण १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत सामान्यतः मालकाचे नाव व गुलामांचे केवळ वय, लिंग आणि वर्ण लिहिलेले आहेत; त्यामागील वाट मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी ब्यूरोच्या १८६५ ते १८७२ मधील मजुरी करारांतून शोधावी लागते.

खरेदीखते, गहाणखते आणि पिकावरील कर्जाच्या नोंदी काउंटीच्या न्यायालयात असतात. जन्मनोंदणी अनेक दक्षिणी राज्यांत विसाव्या शतकातच नीट सुरू झाली, म्हणून कौटुंबिक बायबलमधील पाने आणि मोठेपणी काढलेले विलंबित जन्मदाखले शोधावेत. शेतमजुरांना आणि शेतकऱ्यांना सामाजिक सुरक्षा योजनेत १९५० च्या दशकात सामावून घेतल्यावर वयाचा पुरावा लागू लागला, आणि असे दाखले त्या निमित्तानेही काढले गेले. १९३० च्या दशकापासून कृषी खात्याने काढलेली हवाई छायाचित्रे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शेताचे असे चित्र मोठे करून वृद्धांसमोर ठेवले, तर झाडागणिक आठवण निघते. घराण्याची जमीन मृत्युपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या सामायिक नावावर राहिली असेल, तर आठवणींबरोबर वारसांची वंशावळही नीट करून ठेवावी आणि वकिलाला दाखवावी; अशा जमिनी एकाच वारसाच्या अर्जावरून न्यायालयाने विकायला लावल्याने विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांनी पुष्कळ शेती गमावली आहे.

लेखन करताना सांगणाऱ्याची वाक्यरचना आणि शब्द जसेच्या तसे ठेवावेत, पण उच्चार दाखवण्यासाठी स्पेलिंग मोडू नये. त्या जुन्या सरकारी मुलाखतींत बोली अशी वाकडी करून लिहिली गेली की माणसे अडाणी भासतात. उच्चार ऐकायचा असेल तर मुद्रण आहेच. मूळ इंग्रजी लेख आणि मराठी अनुवाद वेगळे ठेवावेत, म्हणजे दोन्हीकडच्या नातवंडांना उपयोग होईल. दोन भावंडांच्या हकीकती जुळल्या नाहीत तर मधला मार्ग काढून तिसरीच हकीकत लिहू नये. दोन्ही नावांनिशी द्याव्यात आणि कागद काय सांगतो ते खाली नोंदवावे. हिंसेची किंवा अन्यायाची आठवण असेल, तर ती कोणत्या स्वरूपात ठेवायची हा निर्णय सांगणाऱ्याचा असावा, पण ती आपणहून सौम्य करू नये.

जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत, मागील बाजूही स्कॅन करावी आणि नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत. सर्व फायलींच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावात. कुटुंबाची संमती असल्यास एक संच काउंटीच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या संग्रहाला द्यावा. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७३ पासून दक्षिणेच्या मौखिक इतिहासाचे काम चालू आहे. पहिला मसुदा मोठ्या अक्षरांत छापून, उजवीकडे रुंद समास सोडून, उन्हाळ्यातील कुटुंबमेळाव्याला न्यावा, प्रत्येक प्रतीसोबत पेन्सिल ठेवावी, आणि नातेवाइकांनी समासात खोडून, भर घालून किंवा नावे दुरुस्त करून दिलेल्या त्या प्रती सायंकाळी निघण्यापूर्वी मोजून परत घ्याव्यात.